स्टारफील्डची गोष्ट सोफ्यावर कुठं कुठं गळाली : विश्रामबागच्या एका हॉलचं प्रकरण

आधीच सांगतो, स्पॉयलर भरपूर आहेत, म्हणजे पुढची गोष्ट आधीच फुटणार, ज्याला स्टारफील्ड हा अवकाशातला व्हिडिओ गेम अजून खेळायचाय त्यानं इथूनच मागं फिरावं. गेम चांगला का वाईट हे मला ठरवायचंच नाहीये, त्याच्यावर लोकांचं २०२३ पासून पोटभर भांडून झालंय. मला सांगायचंय ते एकाच हॉलचं, सांगलीत विश्रामबागला माझ्या मावशीचं घर आहे तिथला, जिथं एकजण खेळायचा आणि बाकीचे भडंगाची ताटली घेऊन बघायचे. आता बघणाऱ्यांचं काय एवढं असं वाटेल, पण मला त्यांच्यावरूनच जास्त कळलं, कारण खेळणाऱ्याच्या हातात कंट्रोलर असतो, त्याला गोळ्या मारायच्या असतात, सामान गोळा करायचं असतं, जहाज सजवायचं असतं, गोष्ट ढिली पडली तरी तो रेटून नेतो. बघणाऱ्याकडं फक्त गोष्ट असते. ती सुटली की तो मोबाइल काढतो. त्यामुळं कुणी नेमका कुठं मोबाइल काढला एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी गोष्ट कुठं गळतीय ते समजतं.

खेळणारा माझा मावसभाऊ, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एक्सबॉक्स सिरीज एस हे गेम खेळायचं मशीन त्याचंच. त्याचा मिरजेचा एक मित्र. मावसभावाची मोठी बहीण, म्हणजे आमची ताई, बँकेत आहे आणि वाचायचं वेड आहे, गेम वगैरे कधी हातात धरला नव्हता. आणि मामा. मामांनी नोकरी करत करत आयुष्यभर हौशी नाटकात लाइट केले, राज्य नाट्य स्पर्धेला सांगली केंद्रावर कितीतरी वर्षं डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बोर्डावर बसलेला माणूस. आता सांगलीत नाटकाचं कुणाला काय सांगायचं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, तेव्हापासून गावात निम्मी लोकं नाटक करतात आणि निम्मी त्यातल्या चुका काढतात. मामा दोन्ही करायचे.

गेमची हवा कशी होती ते थोडक्यात. बेथेस्डा ही कंपनी, स्कायरिम हा गाजलेला गेम केलेली, तिनं २०१८ च्या ई-थ्री ह्या गेमच्या प्रदर्शनात नुसतं नाव दाखवलं. टॉड हॉवर्ड दिग्दर्शक, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एकदम नवं विश्व अशी जाहिरात. तारीख दिली ११ नोव्हेंबर २०२२ (स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला होता, तोच मुहूर्त धरलेला दिसतोय), मग ती पुढं ढकलली आणि शेवटी ६ सप्टेंबर २०२३ ला आला, दहीहंडीच्या तोंडावर. हजारावर ग्रह, अडीच लाखाच्या वर संवाद. एवढं ऐकून मावसभावानं आठवडाभर आधीच आम्हाला आवतण दिलेलं.

पहिला दिवस. साल २३३०, व्हेक्टेरा नावाच्या चंद्रावर आपण खाणीत कामाला. एक विचित्र धातूचा तुकडा सापडतो, हात लावला की दिवे, संगीत, झीट. शुद्धीवर येतोय तोवर बॅरेट नावाचा माणूस जहाज घेऊन हजर, मागोमाग चाचे, थोडी मारामारी, आणि मग हा बॅरेट आपलं जहाज आणि सोबतचा रोबो आपल्याला देऊन टाकतो, म्हणतो जा हे घेऊन न्यू अटलांटिस शहरात, मी थांबतो इथं. मामा लगेच, "अरे थांब थांब, हा ह्याला ओळखत न्हाई पाळखत न्हाई आणि जहाज देऊन मोकळा?" मावसभाऊ म्हणला मामा गेम आहे ओ. मामा म्हणले, "असू दे की, पण मागायला तरी लाव त्याला, निदान एकदा नाही तरी म्हणू दे."

तेव्हा हसलो आम्ही, पण नंतर बघितलं तर गोष्टीची पहिली गळती तिथंच. ह्या खाणकामगाराला काहीच नकोय. घर सुटलंय म्हणून नाही, कुणाचा शोध आहे म्हणून नाही, कर्ज आहे म्हणून नाही. न्यू अटलांटिसमध्ये लॉज नावाच्या वास्तूत कॉन्स्टेलेशन म्हणून हौशी संशोधकांची मंडळी असते, तो तुकडा त्यांच्या दुसऱ्या तुकड्यांशेजारी ठेवला की ते हवेत फिरायला लागतात, आणि लगेच आपण सभासद. त्यांचं ध्येय काय तर हे काय आहे ते बघू. बघू ना, पण कधी? घाई कुणालाच नाही. समोरून अडवणारं पण कुणी नाही. खरे विरोधक, स्टारबॉर्न म्हणजे दुसऱ्या विश्वातनं आलेली माणसं, निऑन शहरात तुकडा विकत घ्यायच्या मिशननंतर पहिल्यांदा वाट अडवतात, आणि तिथपर्यंत यायला आमच्या हॉलमध्ये गणपती बसून विसर्जन पण झालं होतं.

मधल्या काळात काय, तर तुकडे गोळा करणं. त्यातलं एक मिशन सारा मॉर्गनसोबतचं आहे, ते मला जरा सविस्तर सांगायचंय कारण आख्खा रोग त्यात दिसतो. एका माणसाचा माग काढत मंगळावर जायचं, तिथनं शुक्र, तिथनं चंद्राजवळचं एक मोडकं जहाजबांधणी केंद्र, तिथनं नेपच्यून. विचार करा, आपली सूर्यमाला! भूगोलाच्या पुस्तकात ज्याचं एवढंएवढं निळं चित्र बघून मोठे झालो तो नेपच्यून. आणि प्रत्यक्षात काय होतं, नकाशा उघडायचा, ग्रहावर बटण दाबायचं, जहाज उडायची छोटी क्लिप, काळं, दुसरी क्लिप, काळं, दार उघडून बाहेर, काळं, दोन माणसांशी बोलायचं, परत नकाशा. ताई स्वयंपाकघरातनं चहा घेऊन आली आणि म्हणली अरे नेपच्यून येणार होता ना, तर तो येऊन गेला होता.

मामांनी त्या संध्याकाळी ब्लॅकआउट मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं नाद सोडून दिला.

ब्लॅकआउट हा त्यांचा खास रागाचा विषय. स्पर्धेच्या नाटकात नवीन लेखक असला की पंधरा पंधरा प्रवेश लिहितो, दोन मिनिटं बोलणं की अंधार, अंधारात टेबलं सरकवल्याचा आवाज, परत उजेड. मामा म्हणायचे प्रत्येक अंधारात प्रेक्षक खुर्चीत मागं टेकतो आणि उजेड आला की त्याला परत पुढं ओढून आणायला लागतं, ती ताकद दरवेळी नटाला खर्चावी लागते, तिसऱ्या अंकापर्यंत नटाकडं काय उरत नाही आणि प्रेक्षकाकडं पण नाही. जाणता दिग्दर्शक प्रवेश बदलायचाच असेल तर उजेडातच बदलतो, एक कोपरा मंद केला, दुसरा उजळला, पात्र चालत चालत दुसऱ्या जागी पोचलं, झालं.

आता ह्याच्यावर मावसभावाचं म्हणणं असं की लोडिंग, म्हणजे पुढची जागा तयार होईपर्यंतचा हा काळा पडदा, काय नवीन आहे का, स्कायरिममध्ये पण दार उघडलं की लोडिंग यायचंच. बरोबर आहे त्याचं. ह्या कंपनीच्या गेममध्ये घराचा आतला भाग वेगळा, बाहेरचं जग वेगळं असं पहिल्यापासून चालत आलंय, स्टारफील्डमध्ये त्यात अवकाश आणि ग्रहाची जमीन असे अजून तुकडे पडले एवढंच. पण स्कायरिममध्ये दोन दारांच्या मध्ये चालणं होतं. ह्या गावातनं त्या गावाला निघालात की वाटेत लांडगा येतो, डोंगरावर कायतरी पडकं दिसतं, कोणतरी प्रेत पडलेलं असतं त्याच्या खिशात चिठ्ठी, आणि तुम्ही ज्या कामाला निघाला होता ते विसरून तिसरीकडंच पोचता. ती वाट म्हणजेच गोष्ट होती. स्टारफील्डमध्ये दारं तशीच राहिली आणि दारांमधली वाट गेली, तिच्या जागी नकाशा आला. त्यामुळं तेच लोडिंग जे तेव्हा खुपत नव्हतं ते आता उघडं पडलं, कारण दोन अंधारांच्या मध्ये प्रवेशच उरला नाही. ग्रहावर उतरून चालता येतं, नाही असं नाही, पण तिथं मशीननं पेरलेल्या जागा असतात, एका ग्रहावर जी पडकी लॅब बघितली तीच दुसऱ्या ग्रहावर, आतली प्रेतं त्याच खोलीत, तीच चिठ्ठी. मिरजेच्या मित्रानं हे पहिल्यांदा पकडलं, म्हणला अरे हे टेबल मी बघितलंय.

तो मित्र गळाला मंदिरांवर. प्रकार असा की तुकड्यांच्या गोष्टीतनं मंदिरं सापडायला लागतात, ओसाड ग्रहावर उतरायचं, स्कॅनरमधली गडबड बघत बघत चालायचं, मोठं काळपट मंदिर, आत गेलं की वजन नाहीसं होतं, तरंगत तरंगत चमकणाऱ्या ठिपक्यांतनं जायचं, मधली कडी जोरात फिरायला लागते, तिच्यातनं गेलं की एक शक्ती मिळते. पहिल्या वेळी हॉल एकदम चिडीचूप होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी ताई म्हणली, "परत तेच?" तिसऱ्या वेळी मित्रानं क्रिकेट लावलं मोबाइलवर. अशा शक्ती एकूण २४. आणि प्रत्येक शक्ती पूर्ण वाढवायची तर गेम परत परत पहिल्यापासून सुरू करून दहा वेळा घ्यायची, म्हणजे २४० वेळा तेच तरंगणं. कुणी सक्ती करत नाही हे मान्य, पण कुठल्या माणसानं कागदावर हा हिशोब बघून हरकत नाही म्हणलं असेल त्याला एकदा भेटायचंय मला.

माझा आक्षेप नुसत्या कंटाळ्याचा नाही. गूढ असलेल्या गोष्टीत दर पावलाला थोडं थोडं कळायला पाहिजे ना, एक उत्तर मिळालं की दोन प्रश्न पडायला पाहिजेत. इथं प्रत्येक तुकड्याला हात लावला की तीच झीट, तेच संगीत. प्रत्येक मंदिरात तीच कडी. कितीही गोळा करा, माहिती आहे तेवढीच. आणि मग पुढं त्या स्टारबॉर्नपैकी हंटर आणि एमिसरी अशी दोन पात्रं समोर येतात आणि साठवून ठेवलेलं सगळं बोलूनच सांगतात, अनेक विश्वं आहेत, युनिटी नावाची जागा आहे, तिथनं एका विश्वातनं दुसऱ्यात जाता येतं. माहिती नुसतीच हातात आली, त्यासाठी आपण काय झिजलो त्याचा तिच्याशी काही संबंध नाही. मामा त्या दिवशी झोपले होते सोफ्यावर. उठवलं नाही कुणी.

आणि दुर्दैव असं की त्याच सुमारास गेममधला एक खरा दणका आहे. हंटर हल्ला करतो, लॉजवर आणि कॉन्स्टेलेशनच्या आय नावाच्या अवकाशकेंद्रावर, आपण कुठं जायचं ते ठरवायचं, आणि जिथं जात नाही तिथला आपल्या जवळचा एकजण मरतो. मावसभावाची सारा गेली. पोरगं खरंच गप्प झालं, जेवलं नाही नीट. पण हॉलमध्ये बघायला होतो कोण, मी आणि अर्धी ताई. तिनं विचारलं ही तीच ना, मंगळावर गेलेली? साराची सगळी जवळीक जहाजाच्या कोपऱ्यात रात्री-बेरात्री एकट्यानं केलेल्या गप्पांत झालेली, मुख्य गोष्टीनं तिला फारसं काही करायलाच दिलं नव्हतं. शोक झाला, दोन-चार वाक्यं झाली, की वर कोपऱ्यात पुढच्या मिशनची खूण.

पहिला डाव असा संपला, म्हणजे मावसभावानं एकट्यानं संपवला.

मग दिवाळीच्या सुट्टीत ताईच म्हणली मी खेळून बघते. मामांनी अट घातली, म्हणले गोष्ट वाईट नाही, प्रवेशांचा क्रम आणि बदल वाईट आहे, आपण संकलन करू. आणि त्यांनी खरंच एका जुन्या डायरीच्या पानावर क्रम लिहून दिला, मावसभावाला एकेका मिशनबद्दल विचारून विचारून. लॉजमध्ये सभासद झाल्यावर मुख्य गोष्ट बाजूला ठेवायची आणि आधी यूसी व्हॅनगार्डची, म्हणजे गेममधल्या एका सैन्यातली, मिशनं करायची. मंदिर एकच, बाकीची ओलांडायची (मुख्य गोष्ट तरीही पुढं जाते). आणि प्रवास करताना नकाशातनं थेट उडी मारायची नाही, जहाजात जाऊन खुर्चीत बसायचं, उड्डाण करायचं, स्कॅनरनं समोरचा ग्रह धरायचा आणि तिथनं जायचं.

व्हॅनगार्डचं पहिलंच काम म्हणजे टाऊ सेटी ताऱ्याच्या एका ग्रहावरच्या छोट्या वस्तीला सामान पोचवणं. पोचल्यावर वस्ती शांत. माणसं मेलेली. आणि मारणारं अजून तिथंच आहे. टेररमॉर्फ म्हणून अजस्र जनावर, ते आधी दिसत नाही, नुसती चाहूल. मिरजेचा मित्र त्या दिवशी सहज आला होता चार्जर न्यायला, तो दोन तास बूट घालूनच बसला. तिथनं पुढं हे टेररमॉर्फ माणसांच्या वस्तीत येतात कुठनं हा प्रश्न लागतो, युद्धात बंदी घातलेली शस्त्रं येतात, मेला म्हणून जाहीर केलेला पण तळघरात जिवंत ठेवलेला सेनापती येतो, आणि शेवटी कळतं की हीटलीच, म्हणजे जहाजांच्या वायरींना चिकटून सगळीकडं फिरणारी क्षुल्लक किड, जिला आपण पहिल्यापासून येता जाता मारतोय, तीच वाढून टेररमॉर्फ होते. ताई कंट्रोलर खाली ठेवून म्हणली, "अगं बाई, म्हणजे आपणच नेतोय त्यांना!" ह्याला म्हणतात पेरणी. उत्तर डोळ्यासमोर ठेवलेलं, आणि दर पावलाला प्रश्न मोठा होत गेलेला. तीच कंपनी, तोच गेम, तेवढीच लोडिंग. म्हणजे ह्यांना येत नाही असं अजिबात नाही.

खुर्चीत बसून उडायच्या नियमाचा फायदा अर्धाच झाला. अंधार तेवढेच राहिले, पण मधे जहाज दिसायचं, सोबतची माणसं कायतरी बोलायची, कधी एखादं अनोळखी जहाज हाक मारायचं. मामांचा शेरा, "ब्लॅकआउट कमी न्हाई झाले, पण आता निदान प्रॉपर्टी जागेवर ऱ्हातीय." प्रॉपर्टी म्हणजे नाटकात रंगमंचावर मांडलेलं सामान.

आणि मग आलं ते एंटँगल्ड नावाचं मिशन, मुख्य गोष्टीच्या अगदी शेपटाला. एक संशोधन केंद्र, तिथल्या प्रयोगानं दोन विश्वं एकमेकांत अडकलीत. एका विश्वात स्फोटात सगळे गेलेत, लॅबची पडझड, जनावरं शिरलेली, एकटा एक माणूस वाचलाय. दुसऱ्यात तो एकटाच गेलाय आणि बाकीचे जिवंत आहेत, लढतायत. आणि आपण ह्यातनं त्यात सारखं ये-जा करतोय, एका बाजूला दार बंद असेल तर दुसऱ्या बाजूनं जाऊन परत इकडं यायचं. आणि हे सगळं एका झटक्यात, मधे काळं नाही काही नाही, तोच बोळ, तीच भिंत, फक्त उजेड बदलतो. मामा खुर्चीतनं उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. म्हणले हे कुणी केलंय? हे येतंय तर बाकी आख्खा गेम तसला का केला लेको? शेवटी निवडायचं कुणाला वाचवायचं, त्या एकट्याला का बाकीच्यांना, आणि नीट डोकं लावलं तर दोन्ही वाचवायची पण एक वाट आहे. ताईला ती सापडली, त्यावर घरात जेवढा आरडाओरडा झाला तेवढा मॅचला पण होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे मिशन शेवटाला का? अनेक विश्वं हा ह्या गेमचा मूळ विषय आहे. तो आधी हंटर बोलून सांगतो, आणि भोगायला मिळतो तो सगळ्यात उशिरा, बहुतेक लोक गळून गेल्यावर. हेच मिशन पहिल्या मंदिराच्या जागी असतं तर तुकडे गोळा करण्याला धास्ती आली असती, कारण दुसऱ्या विश्वात मी मेलेलो असू शकतो हे अंगावर येऊन गेलेलं असतं. आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या डावात सगळे टिकले खरे, पण ते टिकले व्हॅनगार्डवर. मधल्या तुकडेगोळीत मामा पेपर वाचतच होते, क्रम बदलून तेवढं काय सुधारत नाही, ते लिहितानाच बसलेलं दुखणं आहे.

मावसभाऊ अजूनही वाद घालतो, म्हणतो तुम्ही हा गेम सिरियल बघितल्यासारखा बघताय, हा राहायचा गेम आहे, घर बांधा, जहाज बांधा, कुठंतरी निवांत भटका. भटकायला माझी ना नाही. एकदा आम्ही पृथ्वीवर पण उतरलो होतो, भारताच्या जागी साधारण अंदाज घेऊन, कृष्णा तर सोडाच, सगळी वाळू. (पृथ्वी उजाड का झाली त्याची गोष्ट फार भारी आहे, ज्या इंजिनानं माणूस ताऱ्यांपर्यंत पोचला त्याच इंजिनाच्या प्रयोगांनी पृथ्वीचं चुंबकीय कवच गेलं, आणि ती पण एका मिशनमध्ये रेकॉर्डिंग ऐकून उरकलीय.) पण राहायचा गेम म्हणायचं तर मग शेवटाला युनिटीत गेल्यावर घर, जहाज, माणसं सगळं सोडून नव्या विश्वात पहिल्यापासून चला असं का सांगता? शक्ती आणि कौशल्यं तेवढी सोबत येतात. राहणाऱ्याला शिक्षा आणि गोष्टवाल्याला तीच गोष्ट परत, दोघांचं पण भागत नाही. ताई युनिटीच्या दारातनं मागं फिरली, म्हणली माझी माणसं इथं आहेत. तसं करता येतं, गेम अडवत नाही, पण मग पडदाच पडत नाही, नुसतं चालू राहतं. मामा बराच वेळ विचारत होते संपलं का.

ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रहावर फिरायला गाडी आली, ३० सप्टेंबरला शॅटर्ड स्पेस नावाचा वाढीव भाग आला, तो सगळा मशीननं न पेरता हातानं घडवलेल्या एकाच ग्रहावर. वाट परत आली, टेकडीमागं काय आहे बघायला जावंसं वाटतं, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पण गोष्ट काय तर तीन घराण्यांकडं जा, तिघांची कामं करा, तिघांचा पाठिंबा मिळवा. मामा पहिल्या घराण्यापर्यंत बसले.

ताईनं एंटँगल्डमधल्या त्या लॅबच्या दाराबाहेरचा एक सेव्ह, म्हणजे तिथूनच खेळ परत सुरू करता येईल अशी नोंद, वेगळा राखून ठेवलाय. मामांच्या नाटकातला लाइटवाला नवीन पोरगा आला की त्याला तेवढाच तुकडा दाखवतात, आणि मावसभावाला बजावून ठेवलंय की त्याच्या आधीचं काही लावायचं नाही.